साबित उस्ता सिनेमा बघून आला

"बंद कर ते आधी!"

हाजी हुलूसी दुकानाच्या उंबऱ्यावरूनच गरजले. साबितला ते ऐकू गेलं नाही. धनुकलीची तात घुमत होती, पिंजलेला कापूस छतापर्यंत उडत होता आणि त्या पांढऱ्या धुरळ्यात साबित उस्ता नुसता सावलीसारखा दिसत होता. मी शेजारच्या माझ्या दुकानात एका पातेल्याला कल्हई लावत होतो. दोन दुकानांमध्ये फळ्यांची एक भिंत. तिकडची शिंक इकडे ऐकू यायची. हाजींचा तो आवाज ऐकला आणि पातेलं तसंच टाकून मी बाहेर आलो.

"साबित!"

तात थांबली. साबितनं धनुकली भिंतीला टेकवली, मोठ्या भावाला पाहून सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि हात पुढे बांधून उभा राहिला. हा त्याचा रिवाज. बाप लवकर गेल्यावर हाजी हुलूसींनीच त्याला वाढवलं, रजया शिवायला बसवलं, लग्न लावून दिलं. साबित पन्नाशीला आला तरी दादांसमोर त्यानं कधी सिगारेट पेटवली नाही, की पायावर पाय टाकला नाही.

"सुरेय्या काय म्हणतोय ठाऊक आहे? तो ट्रकवाला. न्हाव्याच्या दुकानात, चारचौघांत! तुझी पोरगी सेहेर सिनेमात आहे."

"सेहेर शिवणाच्या कारखान्यात आहे, दादा."

"पडद्यावर आहे! आणि कुठं, तर पलंगावर. खाली लाल साटिनची रजई आणि वर ही. अख्खं इस्तंबूल तिकीट काढून बघतंय."

हाजींच्या काळ्या कोटावर कापसाचे पुंजके बसत होते. ते एकेक उचलून फेकत होते आणि दुसरे येऊन बसत होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसलो असतो.

 साबितनं खाली बसून पिंजलेला कापूस हातांनी एकत्र करायला घेतला, आणि मग मधेच तो तसाच सोडला.

आमच्या झिले गावात रजईवाल्याचं काम म्हणजे नुसतं कापूस भरणं नाही. लग्न ठरलं की मुलीची आई साटिन घेऊन येते. गुलाबी, निळं, बहुतेक वेळा लाल. उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, त्यावर फुलं, पानं, मोराची पिसं शिवतो आणि ती रजई नव्या पलंगावर पहिल्या रात्री अंथरतात. म्हणून लोक नुसता हात बघत नाहीत, घरही बघतात. ज्याच्या हातची ती रजई, त्याचं घर धुतल्या तांदळासारखं पाहिजे. साबितचं होतं. पंचवीस वर्षं गावातली एकही नवरी दुसऱ्याची रजई घेऊन सासरी गेली नव्हती.

सुरेय्याची बातमी गावात फिरली आणि त्या आठवड्यात तीन घरांनी साटिन परत नेलं. भांडून नाही, गोडीनं. "घाई नाही उस्ता, लग्न जरा पुढं ढकललंय." लग्न कुणाचंही पुढं ढकललेलं नव्हतं. साबित प्रत्येकीला घडी नीट घालून देत होता आणि वर "मुबारक असो" म्हणत होता.

शुक्रवारच्या नमाजानंतर हाजी पुन्हा आले. या वेळी ओरडले नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. त्यांनी इस्तंबूलच्या बसची तिकिटं काढून कापसाच्या ढिगावर ठेवली.

"जाताना दोन. शेजारच्या या रेम्झीला घेऊन जा, तुला एकट्याला तिथं काही सुधरायचं नाही. येताना तीन, रविवारची. तुर्हालच्या साखर कारखान्यातल्या बेकिरशी मी बोललोय. बायको गेली त्याची, दोन मुलं आहेत, माणूस शांत आहे. जे ऐकलंय ते पोटात घालायला तयार आहे. आठ दिवसांत निकाह. विषय संपला."

"तिला विचारून—"

"दोन वर्षांपूर्वी तिला विचारूनच धाडलं होतंस ना? मी नको म्हणत होतो. पोरीच्या हातात कला आहे म्हणे! दिसली कला." मग त्यांनी साबितच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ. पोरीला घेऊन आलास तर माझं दार तुझंच आहे. एकटा आलास, तर त्या दाराशी येऊ नकोस."

संध्याकाळी साबितची बायको, नाझिफेवहिनी, आमच्या दाराशी आल्या. शालीआड काहीतरी झाकून आणलं होतं. वाटेत खायला पाव आणि चीज.

"रेम्झीभाऊ, तुम्ही त्यांच्या सोबत आहात म्हणून मला धीर आहे. त्यांचा हात कुणावर उठत नाही, मला माहितीये. पण दादांचं बोलणं त्यांच्या डोक्यात जाऊन बसलंय. तीन रात्री झोपले नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "तिला मारू देऊ नका. आणि थंडीचे मोजे विणलेत मी तिच्यासाठी, ते आठवणीनं द्या."

म्हणजे मारणं आणि मोजे, दोन्ही एकाच दमात. आई ती आई.

बस रात्रभर चालली. साबित खिडकीशी बसून होता. मी चार गोष्टी सांगून पाहिल्या. आमच्या मशिदीच्या इमामाचं गाढव, माझ्या मेहुण्याचा दुसरा साखरपुडा. तो हुं हुं करत राहिला. सकाळी इस्तंबूलच्या हारेम थांब्यावर उतरून पलीकडे जाणाऱ्या बोटीत बसलो. समुद्र पाहून माझं डोकं गरगरलं, पण साबितचं तिकडे लक्ष नव्हतं. तो कठड्याला धरून उभा होता, आणि अचानक म्हणाला,

"वेसीले."

मी दचकलो. वेसीले ही त्या दोघांची बहीण. साबितहून मोठी, हाजींहून धाकटी. गावच्या शाळामास्तरांबरोबर पळून गेली होती. त्यानंतर त्या घरात ते नाव कुणी काढलं नाही. तीस वर्षांच्या मैत्रीत मी ते साबितच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

"ती एकदा परत आली होती, रेम्झी. कुणाला माहीत नाही. दिवस भरत आले होते तिचे. दारावर थापा मारत होती. दादा कडीला पाठ लावून उभे राहिले. मी आतच होतो. सोळा वर्षांचा होतो, काही लहान नव्हतो. तिनं माझं नाव घेऊन हाक मारली."

"मग?"

"मग काय? थापा थांबल्या. पुढं सामसूनहून कळलं, बाळंतपणात गेली."

बोटीवर चहावाला फिरत होता. मी दोन चहा घेतले. साबितनं पेला हातात धरला आणि पिण्याचं विसरूनच गेला.

धक्क्यावर उतरल्यावर मी म्हटलं, "चल, आधी शुक्रानच्या घरी जाऊ. पोरगी तिथंच असेल." शुक्रान म्हणजे नाझिफेवहिनींची धाकटी बहीण, सेहेर तिच्याकडेच राहायची.

"नाही. आधी सिनेमा."

"काय?"

"काय केलंय ते बघतो आधी. न बघता मी कुणाची रजई उसवत नाही."

आता सांगायला हरकत नाही, साबितनं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. आमच्या गावात थिएटर होतं, पण हाजींच्या घरातलं कुणी तिथं पाऊल टाकत नसे. मी चोरून चार-पाच पाहिले होते. विचारत विचारत अक्सरायच्या थिएटरशी पोचलो. बाहेर हे मोठं चित्र रंगवलेलं: एक नवरी, एक सुरा, आणि मागे म्हातारा बाप. नवरी सेहेर नव्हती. साबितनं चित्रातला प्रत्येक चेहरा बारकाईनं पाहिला आणि म्हणाला, "नाहीये. सुरेय्या खोटं बोलला." त्याच्या चेहऱ्यावर अशी आशा आली की मला खिडकीवर जाऊन तिकीट काढायला नको वाटलं.

दुपारचा खेळ. बायकामुलांनी थिएटर भरलेलं, सगळीकडे भोपळ्याच्या बिया फोडल्याचा आवाज. आम्हाला तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. अंधार झाला तसा साबितनं माझं मनगट धरलं, आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

गोष्ट साधी होती. एका खेड्यात एक मानी म्हातारा, त्याचा तापट मुलगा आणि दोन मुली. थोरलीचं धरणावर आलेल्या एका इंजिनियरवर मन बसतं. बापानं तिला दुसरीकडे शब्द दिलेला. आता पुढं काय होणार ते आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळेल.

मग विहिरीवर घडा घेऊन धाकटी बहीण आली, आणि साबितची नखं माझ्या मनगटात रुतली. सेहेर होती. भिंतीएवढी सेहेर. डोक्यावर रुमाल, गावाकडच्या पोरी बांधतात तसाच. ती विहिरीवर वाकली, पाणी काढलं, आणि निघून गेली. एवढंच.

"बरी दिसते की," मी कुजबुजलो.

 साबितला अजून पलंगाची धास्ती होती.

आणि पलंग आला. लोखंडी खाट, त्यावर लाल साटिनची रजई पसरलेली. खोलीत सेहेर आली. साबितनं डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, मीही अर्धे मिटले. काही क्षण नुसता बिया फोडल्याचा आवाज. मग मी बघितलं, आणि त्याला कोपरानं ढोसलं.

"बघ. अरे बघ तर!"

सेहेर रजईवर मांडी घालून बसली होती आणि शिवत होती. थोरल्या बहिणीच्या लग्नाची रजई. एवढंच होतं त्या पलंगावर.

साबितनं डोळे उघडले. पाहिलं. पुढे झुकला. आणि मग, अल्लाची शपथ, पूर्ण आवाजात म्हणाला,

"हे कोपरे कुणी घातलेत?"

पुढच्या रांगेतली बाई वळली. "काका, हळू."

"अहो बाई, बघा की! ही रजई आहे का धान्याची गोणी? कोपरा उलटा मुडपलाय! कापूस एका बाजूला गेलाय!"

"शांत बसा हो, उस्ता आले मोठे!"

"उस्ताच आहे मी!"

दोन रांगा खदखदून हसल्या. मी त्याला खाली ओढलं. तेवढ्यात पडद्यावर फक्त हात आले. दुसरं काही नाही, नुसते दोन हात, सुई आणि लाल कापड. साबित पुन्हा पुढे झुकला.

इथं एक सांगायला हवं. साबितच्या उजव्या हाताची तर्जनी लहानपणी पिंजण्याच्या कामात चिरडली होती. ती वाकत नाही. त्यामुळे तो सुई मधल्या बोटानं रेटतो आणि तर्जनी बाजूला ताठ ठेवतो. दुसरं कुणी तसं शिवत नाही. शिवायचं कारणच नाही. पडद्यावरच्या त्या दोन हातांची दहाही बोटं धडधाकट होती. आणि उजवी तर्जनी बाजूला ताठ होती.

"ती माझी खोड आहे," साबित म्हणाला. या वेळी इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं. "मी कितीदा सांगितलं तिला, पोरी, तुझं बोट चांगलं आहे, ते वापर. ऐकलं नाही."

पुढची गोष्ट लांबवत नाही. भाऊ थोरलीला मारून टाकतो. गावातले लोक एकेक करून येतात, म्हाताऱ्या बापाचा हात हातात घेतात आणि म्हणतात, तुझं कपाळ उजळ राहिलं. म्हातारा अंगणात खुर्चीवर बसलेला, मान ताठ. सगळे गेल्यावर धाकटी आतून ती लाल रजई घेऊन येते, बापाच्या खांद्यावर घालते आणि म्हणते, "घ्या. आता ही तुम्हालाच." आणि दार उघडून रस्त्याला लागते. म्हातारा तसाच बसून राहतो. बायका हुंदके देत होत्या. मीही नाक पुसलं. सर्दी झाली होती असं म्हणता येईल.

दिवे लागले. लोक उठले. साबित बसून होता.

तिकीट बघणारा आला. "काका, खेळ संपला. पुढच्याला नवीन तिकीट लागतं."

"दे," साबित म्हणाला.

"साबित, अरे—"

"तू बाहेर चहा पी. मी अजून एकदा बघतो."

मी कसला बाहेर जातोय? बसलो. दुसऱ्या वेळी त्यानं कोपऱ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटी म्हातारा एकटा उरला तेव्हा मी साबितकडे पाहिलं. तो त्या म्हाताऱ्याकडे नव्हे, त्याच्या मागच्या बंद दाराकडे बघत होता.

शुक्रानचं घर फातिहमध्ये, लाकडी जिना चढून वर. तिनं दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि तिच्या हातातला झारा खाली पडला.

"दाजी! तुम्ही? कळवायचं तरी... आत या. सेहेर, अगं..." 

सेहेर आतल्या दारात उभी होती. गळ्यात मोजपट्टी, केस मोकळे, मानेपर्यंत कापलेले. तिनं बापाला पाहिलं तशी तिची पाठ भिंतीला लागली.

"बाबा, मी येणार नाही," ती म्हणाली. सलाम नाही, काही नाही, थेट हेच.  "काकांनी धाडलंय ना तुम्हाला? मारायचं तर मारा. पण मी येणार नाही."

साबित खाली वाकला. बूट काढले, जोडीनं भिंतीशी लावले. आत येऊन दिवाणावर टेकला. त्याला बोलायला वेळ लागतो हे मला ठाऊक होतं. त्या पोरीलाही ठाऊक होतं, पण त्या घडीला ती विसरली असावी. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"कोपरे कुणी घातले?" त्यानं विचारलं.

"काय?"

"रजईचे. सिनेमातल्या."

सेहेर माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, की हो, तेच विचारतोय.

"ती... ती आधीच तयार करून आणली होती त्यांनी, बाबा. मी सांगितलं होतं, हे चुकीचं आहे, मी उसवून देते. ते म्हणाले कॅमेऱ्यात दिसत नाही."

"दिसतं! मला तिसऱ्या रांगेतून दिसलं!"

"मी म्हटलं होतं त्यांना."

"आणि आत भरलं काय होतं? कापूस असा बसत नाही."

"भुसा," सेहेर म्हणाली.

"भुसा!" साबितनं कपाळाला हात लावला. "या अल्ला. लग्नाच्या रजईत भुसा."

आणि पोरगी हसली. हसता हसता ती भिंतीला घासत खाली बसली आणि गुडघ्यात तोंड घालून हमसाहमशी रडायला लागली. शुक्रान झारा उचलायच्या निमित्तानं वळली. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. बऱ्याच वेळानं मागे वळलो तेव्हा साबित तिच्याजवळ जमिनीवर बसला होता आणि नाझिफेवहिनींचे मोजे तिच्या मांडीवर ठेवले होते. "आईनं दिलेत. आधी घाल, फरशी गार आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. कारखान्यात सिनेमाचे कपडे शिवायचं काम आलं होतं. एके दिवशी रजई शिवणारे हात हवे होते. जी नटी होती तिला सुई धरता येईना. हिचे हात घेतले. दिग्दर्शक म्हातारा, हिच्या बापाहून मोठा. म्हणाला, या हातांना दुसरा चेहरा लावला तर लोकांना कळेल. तिथून तो छोटा भाग तिच्याकडे आला. शुक्रानमावशी रोज सोबत जायची, कोपऱ्यात विणत बसायची.

"दोन वर्षं पत्रात नुसतं शिवणाचंच लिहीत होतीस," साबित म्हणाला.

"घाबरले होते."

"मला?"

"तुम्हाला नाही. काकांना." ती थांबली. मोज्याची लोकर बोटांनी ओढत राहिली. "पण बाबा, काका बोलतात तेव्हा तुम्ही नेहमी त्यांच्या मागेच उभे असता. मग मला दोघं एकच दिसतात."

 बापाशी असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. साबित तिच्याकडे बघत राहिला. मी त्याचा हात बघत होतो. तो मांडीवर पडून होता, उघडा.

"खरं आहे," तो म्हणाला. मग शुक्रानकडे वळून, "चहा मिळेल का गं?"

चहा झाला. सेहेरनं सांगितलं, दुसरं काम आलंय, त्यात बोलायला जास्त आहे. नसेल पटत तर—

"नसेल पटत तर काय करशील?"

"करेनच. पण तुमच्याशी खोटं बोलून नाही."

साबितनं पेला खाली ठेवला. "पत्रात खरं लिही म्हणजे झालं. तुझ्या आईला मी वाचून दाखवतो. खोटं वाचताना तिला कळतं, आणि मग ती माझ्यावर चिडते." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि त्या म्हाताऱ्याला सांग, पुढच्या वेळी रजई लागली तर झिलेला माणूस धाड म्हणावं. भुसा नको."

रविवारी आम्ही बसमध्ये चढलो तेव्हा तिसरी जागा रिकामी होती. बाकांच्या मधल्या वाटेत, पेटीवर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. साबितनं तिला ती जागा दिली. मूल रात्रभर रडत होतं, आणि साबित, ज्याला पाच दिवस झोप नव्हती, तो बस सुटल्यापासून झिले येईपर्यंत घोरत होता. वाटेत चोरूम गावात बस थांबली, लोक उतरले, चढले, तरी जागा झाला नाही. मीच त्याची टोपी दोनदा उचलून दिली.

हाजी हुलूसी बसथांब्यावर उभे होते. बरोबर दोघे चुलतभाऊ. आम्ही उतरलो. ती बाई मूल घेऊन उतरली तेव्हा हाजींनी तिच्या मागे पाहिलं, मग रिकाम्या दाराकडे.

"कुठंय?"

"इस्तंबूलला. कामावर."

"मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं मी, दादा." साबितनं हात पुढे बांधलेले होते, बटण गळ्यापर्यंत लावलेलं, सगळं रोजच्यासारखं. फक्त मान खाली नव्हती. "मी तो सिनेमा दोनदा पाहिला. लाज वाटावी असं त्यात एकच आहे, ती रजई. ती माझ्या पोरीनं शिवलेली नाही."

चुलतभावांपैकी एकजण हसला आणि लगेच खोकला.

"थट्टा करतोस माझी?"

"नाही. तुम्ही मला वाढवलंत. तुमच्या पायाची धूळ आहे मी. पण वेसीलेच्या वेळी मी कडी काढली नाही. तेवढं एकदाच जमलं, दादा. पुन्हा नाही जमणार."

तीस वर्षांनी ते नाव भर बाजारात उच्चारलं गेलं. हाजींच्या तोंडावरून काहीतरी सरकन निघून गेलं. राग होता की दुसरं काही, मला आजही सांगता येणार नाही. ते वळले आणि काठी टेकत आपल्या गिरणीकडे निघून गेले.

तो हिवाळा साबितला जड गेला. लग्नाच्या रजया आल्या नाहीत. त्यानं वसतिगृहाच्या गाद्या उसवून भरून दिल्या, लोकांच्या जुन्या उशा पिंजल्या. पण भिंतीपलीकडून तात घुमायची ती पूर्वीहून मोकळी घुमायची, आणि मधूनमधून तो गुणगुणायचा, जे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पत्रं येत होती. तो वाचत होता, वहिनी ऐकत होत्या, आणि एकदा त्याच मला म्हणाल्या, "रेम्झीभाऊ, आता माझ्या जिवात जीव आलाय. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणून झालं. आता आणखी काय म्हणणार?"

जर्दाळू फुलले तेव्हा तो सिनेमा आमच्या गावात आला. बुधवारी दुपारी फक्त बायकांचा खेळ असतो. पुरुषांना आत प्रवेश नाही. थिएटरवाल्यानं नाझिफेवहिनींना निरोप धाडला की पुढची जागा राखून ठेवलीये. वहिनींनी निळा कोट घातला, माझ्या बायकोचा हात धरला आणि गेल्या. त्या दिवशी गावात कुणाच्या चुलीवर काही शिजलं नाही. सगळ्या बायका तिथंच. साटिन परत नेणाऱ्या तिघीही.

पुढं साटिन परत आलंही. सगळ्यांचं नाही, पण आलं. मात्र तो नंतरचा भाग.

त्या बुधवारी साबित आणि मी थिएटरसमोरच्या भिंतीवर बसून होतो. दारं उघडली आणि बायका बाहेर आल्या, डोळे लाल, रुमाल ओले. एकेक करून त्या साबितकडे बघत होत्या, आणि बघून नजर वळवत नव्हत्या. एका म्हातारीनं तर थांबून त्याच्या दंडावर थाप मारली आणि पुढे निघून गेली.

वहिनी सगळ्यांत शेवटी आल्या. साबित उभा राहिला.

"काय मग?"

त्यांनी कोटाची कॉलर नीट केली. विचार केला.

"वाळलीये हो पोरगी," त्या म्हणाल्या.

साबित हसायला लागला. वहिनी आधी रागावल्या, मग त्याही हसल्या. आणि दोघं घराकडे निघाली, भर बाजारातून, दुपारची. एरवी वहिनी दोन पावलं मागून चालायच्या. त्या दिवशी बोलायचं इतकं होतं की ते ध्यानात राहिलं नाही. त्या शेजारून चालत होत्या, हातवारे करून काहीतरी सांगत होत्या.

गिरणीच्या दाराशी हाजी हुलूसी बाकावर बसले होते. साबित थांबला. बटण चाचपलं, उजवा हात छातीवर ठेवला, आणि मान लववून सलाम केला. वहिनींनीही केला.

हाजी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

उत्तर आल्यावर हात जेवढा वेळ छातीवर ठेवतात, तेवढाच वेळ साबितनं तो ठेवला. त्याहून कमी नाही, जास्त नाही. मग खाली घेतला आणि नाझिफेवहिनींना म्हणाला, "हां, मग? विहिरीवर आली तेव्हा तुला लगेच ओळखू आली का?"

आणि ती दोघं बोलत बोलत पुढे गेली.